विहीर साफ झाली, हे कोणी ठरवायचं?



आपल्या बऱ्याच शिवारांतून इंधनाच्या पाइपलाइनी गेल्यात, रस्त्याकडेला पंपही वाढतायत. पाइपलाइनच्या पट्ट्यात जमीन आपल्याच नावावर राहते, पण १९६२ च्या कायद्यानं तिथं विहीर खोदता येत नाही की झाड लावता येत नाही. भरपाई किती, हे सगळेच विचारतात. गळती झाली तर पाण्याचं काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

अमेरिकेच्या हवाई बेटांवरचं रेड हिल प्रकरण म्हणून सांगतोय. तिथं नौदलाच्या इंधनाच्या २० मोठ्या टाक्या डोंगरात, भूजलाच्या जेमतेम शंभर फूट वर होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये घरातल्या नळाला इंधनाचा वास यायला लागला. सुरुवातीला नौदल म्हणालं, पाणी ठीक आहे. राज्याच्या आरोग्य खात्यानं मात्र पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं, आणि ६ डिसेंबरला टाक्या रिकाम्या करायचा आदेश काढला. नौदलानं विरोध केला, तरी मार्च २०२२ मध्ये टाक्या कायमच्या बंद करायचा निर्णय झाला. समोर नौदल असूनही खातं हललं नाही.

हवाईचा खडक आपल्यासारखाच, काळा बेसाल्ट. यात पाणी भेगांमधून पळतं. पेट्रोल-डिझेल हलकं, ते पाण्यावर तरंगतं. त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळतं आणि त्यानं कॅन्सर होतो. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेल खडकाला चिकटून राहतं, पावसाळ्यात पाणी चढलं की परत सुटतं. म्हणजे मे महिन्यातला एकच नमुना बघून ‘साफ झालं’ म्हणणं ही फसगत आहे.

सफाई कंपनीनंच करावी, खर्चही तिनंच करावा. यंत्रं आणि माणसं तिच्याकडंच असतात. पण नमुना तिनंच घ्यायचा, लॅब तिनंच निवडायची आणि काम संपल्याचा दाखलाही तिनंच द्यायचा, हे चालणार नाही. नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळानं शेतकऱ्यासमोर घ्यावा. पंपिंग थांबवल्यावरही निदान दोन पावसाळे तपासणी चालू ठेवावी. रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

आपणही काही गोष्टी करायच्या:

१. पाइपलाइन किंवा पंप जवळ असेल तर आजच, पाणी चांगलं असतानाच एक तपासणी करून ठेवा. पुढं तोच पुरावा. नेहमीच्या पीएच-ईसीच्या रिपोर्टात पेट्रोल दिसत नाही, बेंझिनची तपासणी वेगळी मागावी लागते. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून. हवा राहिली की बेंझिन उडून जातं.

२. वास आला तर विहिरीजवळ बिडी-काडी पेटवू नका, मोटर चालू करू नका, आत उतरू नका. ते पाणी जनावरांनाही पाजू नका.

३. तक्रार मंडळाकडं लेखी द्या, पोच घ्या. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडं पाच वर्षांच्या आत जाता येतं, पण तारखेचा कागद हातात पाहिजे.

पाणी एकाच विहिरीत थांबत नाही. शेजाऱ्याच्या बोअरला वास आला तर ‘आपलं ठीक आहे’ म्हणून गप्प बसू नका. सगळ्यांनी मिळून अर्ज करा.