वारा पडला, कागद झाका



गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारातल्या रविवारच्या चित्रकला वर्गाची नऊ मुले घेऊन आम्ही कान्हेरीला गेलो होतो. ती हकिकत लिहीन लिहीन म्हणता राहून गेली. परवा दोन-तीन पालक "यंदा नेणार का?" म्हणून विचारून गेले, तेव्हा आता लिहूनच टाकतो.

आधी स्वतःबद्दल दोन शब्द. मी काही चित्रकार नव्हे. शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची, दिवसभर जमाखर्चाचे आकडे. ब्रश धरायला शिकलो तो आमच्या वस्तीतल्या एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडून. जयंतीचे बॅनर तेच रंगवायचे आणि मी शाळकरी पोरगा त्यांची शिडी धरायचो, डबे धुवायचो. पुढे फ्लेक्स आले आणि काकांचे काम बसले. पण सुट्टीच्या दिवशी ते खाडीकाठी बसून जलरंगात चित्रे काढत, तेव्हा मलाही बरोबर नेत. त्यांचे सांगणे एकच असे. आधी आभाळ बघ, मग जमिनीकडे बघ.

आता वर्गाचे. नव्या मुलाला 'देखावा काढ' म्हटले की तो काय काढतो, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि वर रफारासारखे चार पक्षी. मुलगा नालासोपाऱ्याचा असो की घाटकोपरचा, देखावा एकच! त्यात कधी पाऊस नसतो, धुके नसते, दुपारचे चार वाजलेले नसतात. शिकवणाऱ्याने फळ्यावर काढला, आपण वहीत उतरवला, मार्क मिळाले. मीही लहानपणी तोच काढला. पण मला हे आता फार लागते. आपल्या पोराला दोन डोळे आहेत, खिडकीबाहेर त्याची स्वतःची चाळ आहे, नाला आहे, टेकडी आहे, तरी त्याने न बघताच काढायचे, असे आपण त्याला शिकवून ठेवले आहे. म्हणून मुलांना बाहेर न्यायचे, आणि तेही पावसाळ्यात. पावसाळ्यात समोरचे दर दहा मिनिटांनी बदलते, त्यामुळे पाठ केलेले काही उपयोगी पडत नाही.

नऊ मुलांत नववीतली एक मुलगी होती. हात चांगला, पण कागदाला भिणारी. हँडमेड कागद महाग, आई घरकाम करणारी, बिघडला तर काय, म्हणून ती पेन्सिलीनेच तासभर कोरत बसायची आणि रंगाची वेळ आली की वर्ग संपायचा. जंगलात एकटी मुलगी कशी पाठवू म्हणून तिची आईही बरोबर आली. स्टेशनवरच मला म्हणाली, "भाऊ, पुढल्या वर्साला धावी हाय तिची. ह्ये चित्राचं आता बंद. ह्यो शेवटचा पाऊस." मी म्हटले, "ताई, आज तरी काढू द्या, मग बोलू." बाई माण तालुक्यातल्या, दुष्काळी भागातल्या. लग्न होऊन मुंबईत आलेल्या.

बोरिवलीच्या गेटातून लेणी चांगली लांब आहेत. पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि चक्क ऊन पडले होते. पोरे खूश. मी मोठ्या तावाचे आठ-आठ तुकडे करून नेले होते. मोठा कागद घेतला की तो भरेपर्यंत पाऊस येतो, आणि एक कागद बिघडला तरी जिवाला घोर लागत नाही. प्रत्येकाला तीन तुकडे दिले आणि सांगितले की पहिली पाच मिनिटे रंगाला हात लावायचा नाही. पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत पेन्सिलीने फक्त उजेड कुठे आणि सावली कुठे एवढे टिपायचे आणि उजेड येतो त्या बाजूने एक बाण काढायचा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत सावली दुसरीकडेच गेलेली असते. ढग आला तर ती राहतच नाही. मग पोर गोंधळते. अर्ध्या चित्रात सकाळची सावली, अर्ध्यात दुपारची, आणि चित्राला दोन सूर्य होतात! एकदा जे टिपले ते ठरले. समोरचे बदलले तरी त्याच्यामागे धावायचे नाही. नवे फारच आवडले तर नवा तुकडा घ्यायचा.

एका मुलाने मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "काका, घरी जाऊन रंगवतो." मी त्याला फोटोतला खडक आणि समोरचा खडक शेजारी धरून बघायला लावला. फोटोत तो नुसता काळा होता. समोरचा ओला कातळ जांभळट होता, आणि त्याच्या पाठीवर आभाळाचा उजेड चमकत होता. त्याने फोन खिशात ठेवला. (दर पाच मिनिटांनी तो पुन्हा बाहेर येत होता, ती गोष्ट वेगळी.)

मग आमच्या बाईंनी कमाल केली. त्या एका उंच कातळावर बसल्या होत्या, पोरांच्या पिशव्या सांभाळत. एकाएकी उठून ओरडल्या, "वारा पडला! झाका, झाका कागुद! सर येतीय!" वर ऊनच होते. मी म्हटले, बाईंना काहीतरी वाटले असेल. दोन मिनिटांत अशी सर कोसळली की ज्यांनी ऐकले त्यांचे कागद वाचले आणि माझा स्वतःचा धुऊन गेला. जलरंगात ओल्या रंगावर पावसाचा थेंब पडला की तिथला रंग बाजूला सरतो आणि गोल डाग उमटतो. तो डाग पुसायला गेले की कागदाचा लगदा होतो. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, तशी इथेही चालत नाही.

तीन नंबरच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात आम्ही सगळे दाटीने उभे राहिलो. बाहेर कातळात खोदलेल्या पन्हळींतून पाणी वाहू लागले आणि टाक्यांत पडू लागले. शंभराहून जास्त लेण्यांचा हा डोंगर, आणि जिकडेतिकडे अशी टाकी. जुन्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, सोनार-लोहारांनीसुद्धा इथे दाने दिली. पावसाचे पाणी कुठून उतरते हे आधी नीट बघितल्याशिवाय ती पन्हळ खोदता आली नसती, असे मी मुलांना म्हटले. त्या पाण्यात ब्रश बुडवायचा नाही, आपली बाटली आणली आहे, हेही बजावले.

पाऊस थांबेना, तेव्हा त्यांना इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबलची गोष्ट सांगितली. गिरणीमालकाचा मुलगा. तरुणपणी वडिलांच्या गिरणीवर काम केलेला. वाऱ्यावर चालणारी चक्की असली की वारा कुठला आणि ढग कोणता हे बघावेच लागते. पुढे १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला तो उघड्यावर उभा राहून नुसते ढग रंगवत असे. छोटीशी चित्रे, एका बैठकीत संपवलेली. त्यांतल्या कितीतरी चित्रांच्या मागे त्याने तारीख, वेळ आणि वारा कसा होता ते लिहून ठेवले आहे. फ्रान्सच्या मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रे काढली. उजेड बदलला की तो हातातला कॅनव्हास खाली ठेवून दुसरा घेई. आणि व्हॅन गॉगच्या १८८९ च्या ऑलिव्ह झाडांच्या चित्रात रंगात चिकटलेला एक नाकतोडा २०१७ मध्ये तज्ज्ञांना सापडला, हे ऐकून पोरे खो-खो हसली आणि आपापल्या कागदावर मुंग्या शोधू लागली.

पण पोरांनी कान टवकारले ते कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांच्या गोष्टीला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि राजर्षी शाहू महाराजांनी आश्रय दिलेले हे चित्रकार कोटितीर्थ तळ्याकाठी बसून तेच पाणी, तीच झाडे पुन्हा पुन्हा रंगवत. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे त्याच तळ्यात बुडवली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. १९३१ साली ते वारले. "बुडवली कशाला?" असे त्या नववीतल्या मुलीने विचारले. मला उत्तर देता आले नाही. बाई मात्र म्हणाल्या, "ज्याला दावायची, तोच गेला ना."

मग मी बाईंना विचारले, सर येणार हे कळले कसे? त्या म्हणाल्या, आमच्याकडे वर्षात चार वेळा पाऊस, त्याची वाट बघत बापाबरोबर बांधावर बसायचो. आधी वारा अंगावर येतो, मग एकदम पडतो, झाडाचे पान हलत नाही, उकडते, की समजायचे. इतकी वर्षे मुंबईत काढली, पण हे कुणी विचारलेच नव्हते.

पाऊस उघडला तसे सगळे पुन्हा बाहेर. आता कामाची वाटणीच झाली. बाई कातळावर, पोरे खाली. बाईंनी हाक दिली की छत्र्या उघडायच्या. एका मुलाची छत्री लाल होती. तिच्याखाली त्याचा कागद गुलाबी दिसू लागला आणि त्याने रंग भलतेच टाकले, म्हणून त्याला माझी काळी छत्री दिली. हवेत ओल असल्याने रंग वाळेना. घाई करून वरून दुसरा हात मारला की खालचा फिसकटतो. अशा वेळी हात बांधून बसावे लागते, आणि मुलांना तेच सर्वांत अवघड जाते. आभाळाचा राखाडी आम्ही ट्यूबमधल्या काळ्याने केला नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना मिसळला की ढगाचा खरा राखाडी मिळतो, निळा जास्त घातला तर थंड, तपकिरी जास्त घातला तर मळभाचा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून लावताना थोडा गडदच लावायचा. पांढरा रंग कुणालाच दिला नव्हता. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा.

त्या मुलीने पहिला तुकडा बिघडवला. रडवेली झाली. दुसऱ्यावर वेळच नव्हता, कारण समोरची टेकडी धुक्यात चालली होती. आई वरून म्हणाली, "घे की बिगीबिगी, डोंगार चालला तुझा!" तिने पेन्सिल लावलीच नाही. ओल्या कागदावर आभाळ सोडले, खाली डोंगराची एकच पुसट पट्टी, पुढे ओला कातळ आणि त्यातली पाण्याची पन्हळ. पंधरा मिनिटे लागली असतील. तेवढ्यात हाक आली आणि छत्री उघडेपर्यंत तीन थेंब पडले, ते आभाळातच पडले. तिने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, राहू दे, हात लावू नकोस.

कॉन्स्टेबलसारखे प्रत्येकाने मागे तारीख-वेळ लिहायचे ठरले होते. तिने लिहिले, 'सकाळी ११.४०. आईने वारा पडला म्हणून सांगितले.'

मुलगी आता दहावीत आहे. वर्ग बंद झालेला नाही, पण महिन्यातून एकच रविवार येते. दोन तरी यावेत असे माझे म्हणणे, क्लास बुडतो असे आईचे म्हणणे, आणि वाद चालू आहे. बाईंची काळजी मी समजू शकतो. दहावीचे मार्क कुणाच्या घरात सहज येत नाहीत. माझा स्वतःचा धुतलेला कागदही मी जपून ठेवला आहे. त्यावर अर्धा डोंगर शिल्लक आहे.

यंदाचा रविवार ठरला की विहाराच्या फळ्यावर लिहू. लेणी सोमवारी बंद असतात, रविवारी उघडी. येणाऱ्या प्रत्येकाने एक काळी छत्री, पाण्याची बाटली, कागदाखाली धरायला एक पुठ्ठा आणि सगळे गुंडाळायला प्लास्टिकची पिशवी आणावी. गावाकडे शेतावर राहिलेल्या एक-दोन आया-मावश्या किंवा आजोबा बरोबर आले तर फार बरे. मागच्या वेळच्या बाईंना मी विचारले आहे. त्या दिवशी सुट्टी मिळाली तर येते म्हणाल्या.