अंगठ्याला सुट्टी कोण देणार?

कोलाडच्या आसपासची खाचरं लावून झाली की मनगटाला फडकं गुंडाळलेल्या बायका दिसू लागतात. विचारलं तर म्हणतात, "शीर चढलीय." राबातली रोपं उपटायची, मुळांचा चिखल झटकायचा, मुठी बांधायच्या. दिवसभर ताण अंगठ्यावर आणि पीळ मनगटाला. घरी तान्हं मूल असेल तर त्याला उचलतानाही कळ तिथेच येते.

दुखते ती शीर नव्हे. अंगठा ताणून धरणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद नळीतून जातात. नळीचं आवरण जाड झालं की त्या आत घासतात. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला मिळालं.

पहिला इलाज अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा पट्टा आणि नळीत स्टेरॉइडचं इंजेक्शन. बऱ्याच जणींना एवढ्यावर आराम पडतो. बाळंतिणीचं दुखणं तर अनेकदा काही महिन्यांत ओसरतं. इंजेक्शनच्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते, मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. हे आधी सांगायला हवं.

पण "हाताला विश्रांती द्या" हा सल्ला मला छळतो. लावणीनंतर बेणणी, मग कापणीचा विळा, आणि चूल तर रोजचीच. जिला विश्रांती मिळणारच नाही, तिने पट्टे बदलत आणि शीर चोळून घेत वर्षं काढू नयेत. पट्टा आणि इंजेक्शन होऊनही दुखत राहिलं तर शस्त्रक्रिया करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढाच भाग बधिर करून लहानसा छेद घेतात, नळीचं छत उघडतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. जड कामाला मात्र काही आठवडे थांबावं लागतं, म्हणून दिवस निवडताना शेतीचं वेळापत्रक डॉक्टरांपुढे मांडावं.

शस्त्रक्रिया छोटी असली तरी हात जाणकार हवा. छेदाजवळूनच अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणाऱ्या नसेच्या बारीक फांद्या जातात. त्या दुखावल्या तर बधिरपणा किंवा झिणझिण्या मागे राहतात. काहींच्या नळीत आडपडदा असतो आणि एका कंडरेला वेगळा कप्पा असतो. तो उघडायचा राहिला तर दुखणंही राहतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारा: नस कशी सांभाळणार? दुसरा कप्पा असेल तर तोही मोकळा करणार ना?

रोहा तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेला माझी विनंती आहे. लावणी संपल्यावर, श्रावणात, एक दिवस फक्त हातांच्या तपासणीसाठी ठेवा आणि तो वाडीवाडीत आशाताईंकडून कळवा. भात कापणीला येईपर्यंत या बायकांच्या हाताशी तेवढेच दिवस असतात.