वंशशुद्धीचा सरकारी दाखला

परसात उकिरडा उकरणाऱ्या गावठी कोंबडीचे पाय पुष्कळदा पिवळेधमक असतात. परंतु शास्त्रग्रंथांनी जिला तिची आदिमाता ठरविले, त्या तांबड्या रानकोंबडीचे पाय मात्र करडे असतात. ही विसंगती वरवर पाहता क्षुल्लक वाटते. जगातील यच्चयावत पाळीव कोंबड्या हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडे पसरलेल्या या एकाच रानजातीपासून उतरल्या, असा निवाडा डार्विनने दिला होता आणि त्याच्या अधिकारापुढे शंभराहून अधिक वर्षे फारसे कोणी अपील केले नाही. २००८ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी कोंबडीच्या पिवळ्या त्वचेला कारणीभूत होणारे जनुक हुडकून काढले, तेव्हा असे आढळले की, अन्नातून येणाऱ्या पीतरंगद्रव्याचे त्वचेत विघटन करणारे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, त्याची त्वचेपुरती मंदावलेली आवृत्ती तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलीच नाही. ती बहुधा आपल्या सह्याद्रीच्या रानात पहाटे आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आली आहे. म्हणजे जिला आपण अस्सल गावठी म्हणून चार पैसे अधिक मोजून घेतो, ती कोंबडी मुळात दोन जातींच्या संकराची संतती आहे. संकराच्या भयाने ज्या समाजाने शतकानुशतके आपल्या पंक्ती वेगळ्या मांडल्या, त्याच्या ताटात हे मिश्रण किती काळ निमूटपणे वाढले जात होते, हा विचार मला तरी मोठा गमतीचा वाटतो.

विज्ञानही या भयापासून सर्वस्वी मुक्त नव्हते. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट माइर यांनी १९४२ साली आपल्या ग्रंथातून जातीची जी व्याख्या रूढ केली, तिचा मथितार्थ असा की, ज्या प्राणिसमूहाचा आपसांत प्रजासंबंध होतो आणि इतर समूहांशी होत नाही, तो समूह म्हणजे एक जाती. व्याख्या नेटकी आणि उपयुक्त खरीच. पण तिच्या छायेत वाढलेल्या कित्येक अभ्यासकांनी पक्ष्यांमधील संकर हा निसर्गाच्या हातून घडलेला प्रमाद मानला, आणि ज्या संततीला दोन्ही घरांत ठाव नाही ती लवकरच नामशेष होणार, असे गृहीत धरले.

या गृहीताला सर्वांत जबर तडा गेला तो प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्नी मेजर नावाच्या एका उजाड, ज्वालामुखीजन्य बेटावर. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून पुढे चार दशके तेथील फिंच पक्ष्यांची मोजदाद चालविली. प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडे अडकवावे, त्याची चोच मोजावी, पुढे पुढे रक्ताचा थेंबही टिपून घ्यावा आणि कोणाची जोडी कोणाशी जमली हे टिपणवहीत नोंदवावे, असा त्यांचा शिरस्ता होता. जुन्या महसूल खात्यातील एखाद्या कुळकर्ण्यालाही हेवा वाटावा अशा या दफ्तरात १९८१ साली एका परक्या नराची नोंद झाली. अंगाने थोराड, चोचीने बळकट आणि गाण्याने अगदीच निराळा असा हा पाहुणा तेथील मध्यम चणीच्या फिंचमादीशी जोडी करून राहिला. तो जवळच्याच सांताक्रूझ बेटावरून आला असावा, असा प्रारंभी समज होता. परंतु पुढे जनुकसंचाची तपासणी होऊन २०१७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यावरून तो शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एस्पान्योला बेटावरील मोठ्या निवडुंग-फिंचांपैकी होता, हे निःसंशय ठरले.

खरी नवलाई त्याच्या संततीची आहे. फिंच पक्ष्यांत मुलगा गाणे शिकतो ते बापाकडून, आणि मादी जोडीदार पारखते ती गाण्यावरून व चोचीच्या घडणीवरून. त्यामुळे या पाहुण्याच्या पोरांचे परके सूर आणि थोराड चोची बेटावरच्या माद्यांना रुचेनात, आणि ही संतती आपसांतच जोड्या जमवू लागली. २००३ साली सुरू झालेल्या दुष्काळात तर या घराण्यात केवळ एक भाऊ आणि एक बहीण एवढीच उरली. त्यांच्यापासून वंश पुन्हा वाढला आणि पुढील दशकात वीस-तीस पक्ष्यांपर्यंत पोहोचला. नवा वंश वेगळा होण्याच्या ज्या घटनेला हजारो वर्षे लागावीत अशी आपली समजूत, ती येथे मोजून दोन-तीन पिढ्यांत, निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत घडली. या वंशाला अद्याप शास्त्रीय नाव मिळालेले नाही, आणि इतक्या लहान कुटुंबाचे भवितव्य अनिश्चितच असते. तथापि नावाच्या अभावी त्याचे वेगळेपण कमी होत नाही.

यातील कार्यकारणभाव ध्यानात घेण्याजोगा आहे. एकेका उत्परिवर्तनाची वाट पाहत बसले तर नवे वैचित्र्य फार सावकाश जमा होते. संकराने मात्र दुसऱ्या घराण्यात पूर्वीच कसोटीला उतरलेल्या जनुकांचा साठा एकाच पिढीत हाती येतो. फिंचच्या चोचीचा आकार टोकदार असावा की बोथट, यात एएलएक्स१ या जनुकाचा, आणि ती लहान असावी की मोठी, यात एचएमजीए२ या जनुकाचा मोठा वाटा असल्याचे २०१५ व २०१६ साली उघडकीस आले. मात्र हा साठा उपयोगी पडेल की नाही, ते परिस्थिती ठरविते. डॅफ्नीवरच १९८३ पूर्वी संकरज पिल्ले सहसा तग धरीत नसत; त्या वर्षीच्या एल निनोच्या अतिवृष्टीने वनस्पतींचे स्वरूप पालटले, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि तीच संकरज पिल्ले शुद्ध जातीच्या पिल्लांच्या बरोबरीने जगू लागली.

हे एखाद्या निर्जन बेटापुरते घडते, असेही कोणी समजू नये. इटलीतील गावोगावी दिसणारी चिमणी ही आपली घरचिमणी आणि स्पॅनिश चिमणी यांच्या प्राचीन संकरातून स्थिरावलेली जाती आहे, हे जनुकीय अभ्यासाने आता मान्य झाले आहे.

याचा अर्थ प्रत्येक मिश्रणाचे स्वागत करावे, असा मात्र मुळीच नाही. अमेरिकेतील तांबूस बदक शोभेसाठी इंग्लंडात आणले गेले, पिंजऱ्यातून निसटले, पसरत पसरत स्पेनमध्ये पोहोचले, आणि १९७७ साली जेमतेम २२ पक्ष्यांवर आलेल्या तेथील श्वेतशीर्ष बदकांशी संकर करू लागले. तो ओघ तसाच चालू राहिला असता तर स्थानिक बदक आक्रमकाच्या गर्दीत पार विरून गेले असते. म्हणून ब्रिटिश सरकारने तांबूस बदकांना गोळ्या घालण्याची मोहीम काढली. ती कठोर होती, आणि माझ्या मते योग्यही होती.

परंतु शुद्धतेचा आग्रह सरकारी कारकुनी पद्धतीने राबविला म्हणजे काय होते, ते फ्लोरिडातील काळसर खाजणचिमणीच्या बाबतीत दिसले. डासांच्या निर्मूलनासाठी तिची दलदल पाण्याखाली घातली गेली, कीटकनाशकांची फवारणी झाली, आणि शेवटी हाती लागले ते केवळ पाच नर. आखाती किनाऱ्यावरील भगिनी-उपजातीच्या माद्यांशी त्यांचा संकर करून निदान वंशाचा काही अंश तरी राखावा, अशी तजवीज काहींनी मांडली. पण मिश्र संततीला कायद्याचे संरक्षण लागू होत नाही, या सबबीवर केंद्रीय वन्यजीव खात्याने हात झटकले. खाजगी प्रयत्नांतून झालेली थोडी पिल्लेही पुढे टिकली नाहीत, आणि १९८७ च्या जूनमध्ये अखेरचा नर डिस्नेच्या एका उद्यानात मरण पावला. दोनच वर्षांनी जनुकीय तपासणीत निष्पन्न झाले की, ही चिमणी अटलांटिक किनाऱ्यावरील इतर खाजणचिमण्यांहून जवळजवळ अभिन्न होती, आणि संकरासाठी निवडलेला आखाती किनारा हाच मुळी दूरचा होता. खात्याने नियम पाळला, हितचिंतकांनी धडपड केली, पण रक्ताची परीक्षा वेळेवर कोणी केली नाही. संकराविषयीचे ते धोरण १९९० च्या डिसेंबरात मागे घेण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी त्यातील अनर्थाचा पाढा वाचणाऱ्या दोघा लेखकांपैकी एक होते खुद्द अर्न्स्ट माइर.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींतही प्राण्यांची मांडणी नाववार आहे, आणि नावाच्या चौकटीत न बसणाऱ्या जीवाविषयी उद्या प्रश्न उपस्थित झाला तर आपले अधिकारीही बहुधा यादीकडेच बोट दाखवतील. संकर माणसाने लादला की आपसूक घडला, संतती स्वबळावर पिल्ले वाढविते की नाही, आणि तिच्यापायी मूळ जातीचा निःपात होत आहे काय, याची चौकशी केल्यावाचून कोणत्याही वंशाला संरक्षण नाकारू नये, असा स्पष्ट नियम आताच करून ठेवला पाहिजे. आणि त्या चौकशीच्या कागदपत्रांत पिसांच्या रंगाच्या वर्णनाबरोबर जनुकीय तपासणीचा अहवालही सक्तीने जोडला गेला पाहिजे.