वही, घड्याळ आणि आकाश

प्रयोगशाळेविना विज्ञान शिकविता येत नाही, ही सबब निवासी शाळांत वारंवार ऐकू येते. आम्हांस ती मान्य नाही. सायंकाळी अंधार पडल्यावर किंवा पहाटे उजाडण्यापूर्वी वसतिगृहाच्या अंगणातून दिसणारे कृत्रिम उपग्रह हा बिनखर्चाचा, तरीही कसोटी पाहणारा अभ्यासविषय आहे.

उपग्रहास स्वतःचा प्रकाश नसतो. जमिनीवर रात्र झालेली असताना उंचावर ऊन असते, म्हणून तो चमकतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करते. पश्चिमेकडून येणारा हा तेजस्वी ठिपका कधी कधी भर आकाशात मावळतो; तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. ज्याने हे स्वतः पाहिले, त्यास ती सावली पाठ करावी लागत नाही.

१९५७ साली स्पुतनिक उडाला, तेव्हा अमेरिकेत 'मूनवॉच' उपक्रमाचे हौशी निरीक्षक उपग्रहांच्या नोंदी करण्यास सज्ज होते. इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलचे उदाहरण तर प्रत्येक शिक्षकाने ध्यानी घ्यावे. तेथील भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी सोव्हिएत उपग्रहांचे रेडिओसंकेत ऐकून वेळा टिपत. १९६६ साली कॉसमॉस-११२ चा मार्ग ज्ञात प्रक्षेपणतळांशी जुळेना. उत्तर रशियात नवा तळ असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो तळ प्लेसेत्स्क होय. सोव्हिएत सरकारने त्याचे अस्तित्व जाहीरपणे मान्य केले ते १९८३ साली.

२ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. अशा वेळी गावातील भयास उत्तर देऊ शकेल असा विद्यार्थी गावातच असावा, अशी आमची अपेक्षा आहे.

त्यासाठी प्रत्येक वसतिगृहाने एक वही ठेवावी. तारीख, घड्याळी वेळ, दिशा, कोणत्या ताऱ्याजवळून गेला, कोठे दिसेनासा झाला, एवढे लिहावे. उपग्रहांच्या वेळा आगाऊ प्रसिद्ध होतात. त्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. ठरल्या वेळी काही दिसले नाही, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे व कारण शोधावे. निरीक्षणापुरते अंगणातील दिवे मालवावेत.

परीक्षेत यास गुण नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि कोणी सांगितले म्हणून न मानता पडताळून पाहण्याची सवय ज्या शाळेने दिली, तिने विद्यार्थ्यास आयुष्यभराची शिदोरी दिली, असे आमचे ठाम मत आहे.