डाख सुटलेला असतो

गेल्या उन्हाळ्यात नांदेडच्या आमच्या घरातले वॉशिंग मशीन लहर लागेल तसे बंद पडू लागले. तपासायला आलेल्या माणसाने झाकण उघडून निकाल दिला, "कार्डच बदलावं लागेल." खर्च पाच हजारांच्या घरात. मी ते कार्ड पिशवीत घातले आणि वजिराबादेतल्या एका दुरुस्तीच्या टपरीवर गेलो.

तिथल्या पोराने भिंग लावून पाहिले. "काका, कार्ड मेलेलं नाही. सोल्डर ड्राय झालंय." म्हणजे आपल्या जुन्या भाषेत डाख सुटला होता. भिंगातून मलाही दिसले : रिलेच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग. सुटा भाग आणि खालची पाटी तापल्यावर सारख्या मापाने फुगत नाहीत. रोज तापणे, रोज निवणे. शेवटी मधला डाख थकतो. वीज कधी पोचते, कधी पोचत नाही, आणि आपण यंत्राला लहरी म्हणतो.

पोराने राळ लावली, जुना डाख वितळवून शोषून घेतला, पाय आणि पाटी दोन्ही तापवून नवा भरला. नुसता डाख वितळवून वर टाकला तर तो गोळीसारखा बसतो आणि पुन्हा सुटतो. कथील ६३ टक्के, शिसे ३७ टक्के असा डाख १८३ अंशांना वितळतो. युरोपने २००६ च्या जुलैपासून नव्या उपकरणांतल्या शिशावर कडक मर्यादा घातली. बिनशिशाच्या डाखाला २१७ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि हातही अधिक सराईत लागतो. माझे काम तीनशे रुपयांत झाले.

घरी परतताना मात्र लातूर आठवले. १९९५ साली तिथल्या एका शाखेत मी कर्जाचे अर्ज पाहत होतो. पंतप्रधान रोजगार योजनेखाली एक टीव्ही दुरुस्त करणारा तरुण आला. त्या योजनेत एक लाखापर्यंत तारण मागायचे नसते, हे मला ठाऊक होते. तरीही मी विचारले, "तारण काय देणार?" बोटांवर चटक्यांचे डाग असलेला तो मुलगा अर्ज उचलून निघून गेला. कागदावर मी बँकेचा पैसा वाचवला होता.

वाचकहो, बिघाड पुष्कळदा भागात नसतो, सांध्यात असतो. आणि सांधा ओळखणारा माणूस आपल्याच गल्लीत बसलेला असतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, हे चांगलेच झाले. पण हक्क बजावायला कारागीर शिल्लक हवा. घरी स्वतः कार्ड उघडू नका; वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका भार उरू शकतो. मात्र "बदला" म्हणणाऱ्याला एकदा विचारा, "डाख तपासलात का?" आणि माझ्या जुन्या खुर्चीवर आज जे बसले आहेत, त्यांनी समोरच्याच्या अर्जाबरोबर त्याचे हातही पाहावेत. मी पाहिले होते, पण मोजले नव्हते.