जपानी शाळांतले परदेशी इंग्रजी शिक्षक एकमेकांच्या वर्गात गेले तर काय बदलेल?

जपानमध्ये २०२३ साली माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, म्हणजे साधारण आपल्या नववीच्या वयाच्या मुलांची देशपातळीवर चाचणी झाली. त्यात इंग्रजी बोलण्याचे पाच प्रश्न होते. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण होतं अवघं १२.४ टक्के. साठ टक्क्यांहून अधिक मुलांना एकाही प्रश्नाचं उत्तर बरोबर देता आलं नाही. परदेशी इंग्रजी सहायक शिक्षक वर्गात आणायला या देशाने काही दशकांपूर्वीच सुरुवात केली होती. मग अडतंय कुठे? याचं एक छोटं पण व्यवहार्य उत्तर काही सहायक शिक्षक स्वतःच शोधत असतात: एकमेकांच्या शाळांना भेट देणं.

हे सहायक शिक्षक कोण असतात?

१९८७ मध्ये जपान सरकारने ‘जेट’ हा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. आता जेटमध्ये पाच हजारांहून अधिक जण आहेत आणि त्यातले ९० टक्क्यांहून जास्त सहायक भाषाशिक्षक, म्हणजे ‘एएलटी’ आहेत. करार एका वर्षाचा असतो आणि तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. याशिवाय अनेक एएलटी खासगी कंपन्यांमार्फत किंवा थेट स्थानिक भरतीतून येतात. जेटचे एएलटी सरसकट प्रशिक्षित शिक्षक नसतात. जपानी शिक्षकाच्या जोडीने वर्ग घेणं हे त्यांचं काम.

भेटींची गरज का वाटते?

डोंगराळ गावात किंवा बेटावर अनेकदा एकच एएलटी असतो आणि तो अनेक शाळांमध्ये फिरतो. तिथल्या मुलांसाठी इंग्रजी म्हणजे त्या एका माणसाचे उच्चार आणि परदेश म्हणजे त्याचा देश. तो कॅनडाचा असेल, तर जमैका, आयर्लंड किंवा फिलिपिन्सचं इंग्रजी मुलांच्या कानावर पडतच नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रोज भेटणाऱ्या शिक्षकाला ‘तुमचं आवडतं खाणं कोणतं?’ असं विचारण्यात अर्थ नसतो. उत्तर वर्गाला पाठ असतं. नवख्या पाहुण्याला मात्र गाव, जत्रा, शाळेतली साफसफाईची वेळ यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला ते समजावून सांगताना मुलांना बोलायला खरं कारण मिळतं.

फायदा शिक्षकालाही होतो. एकट्याने काम करणाऱ्या एएलटीला दुसऱ्याचा तास पाहायला क्वचितच मिळतो. मोठ्या वर्गात गप्प मुलांना कसं बोलतं करायचं, हे प्रशिक्षणाच्या भाषणापेक्षा प्रत्यक्ष तास पाहून लवकर कळतं.

मग अडचण कसली?

एएलटी नेमकं कोणाचा कर्मचारी, इथून प्रश्न सुरू होतो. जेटच्या एएलटीला साधारणपणे गावाचं, शहराचं किंवा प्रांताचं शिक्षण मंडळ नेमतं. पगार एका गावाने द्यायचा आणि तास दुसऱ्या गावात घ्यायचा, तर दोन्हीकडच्या शाळा आणि मंडळांची संमती लागते. बोलावणारी शाळा पाहुण्याच्या शाळेला रीतसर विनंतीपत्र पाठवते. त्यानंतर ही भेट कामाचा दौरा धरायची की स्वतःची रजा, हे ठरतं. दौरा असेल तर प्रवासखर्च कोणी द्यायचा हा प्रश्न येतो. रजा असेल तर अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतो.

कंपनीमार्फत आलेल्या एएलटीचं गणित आणखी अवघड. कंपनीशी सेवा-कंत्राट असेल, तर शाळेने त्याला थेट सूचना देणं कामगार कायद्याच्या दृष्टीने गैर ठरू शकतं. अशा वेळी परवानगी कंपनीकडूनच घ्यावी लागते.

यात जपानी शिक्षकांवरचा भारही धरावा लागतो. २०१८ च्या ‘ओईसीडी’ पाहणीत जपानचे माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करत होते. सहभागी देशांत हा आकडा सर्वाधिक होता. पाहुणा आला की पत्रव्यवहार आणि वेळापत्रकातली अदलाबदल याच शिक्षकाच्या माथी येते.

काय केलं तर जमतं?

वेळ महत्त्वाची. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि वर्षभराचे कार्यक्रम आधीच ठरतात. त्यामुळे ऐनवेळी मागितलेल्या परवानगीला नकार मिळण्याची शक्यता जास्त. परीक्षा आणि सांस्कृतिक महोत्सवाचे दिवस टाळून, आधी सोबतच्या इंग्रजी शिक्षकाशी, मग उपमुख्याध्यापकांशी आणि शेवटी मंडळाशी बोलणं, हा क्रम सोयीचा ठरतो. प्रस्ताव एका पानाचा असावा. कोणता तास, कोणता पाठ आणि मुलं काय बोलतील, एवढं त्यात स्पष्ट हवं.

सुरुवात एकाच मंडळाच्या दोन शाळांपासून केली, तर निम्मी कागदपत्रं वाचतात. अंतर जास्त असेल तर पडद्यावरची भेट हा पर्याय आहे. ‘गिगा स्कूल’ योजनेमुळे २०२१ पर्यंत बहुतेक सरकारी शाळांत प्राथमिक आणि माध्यमिकच्या मुलांच्या हाती टॅबलेट किंवा लॅपटॉप आला आहे.

पुढे काय?

एका दिवसाच्या पाहुण्यामुळे १२.४ टक्क्यांचा आकडा बदलणार नाही. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे. आठवड्याचे तास मोजके आहेत आणि मुलांना चुकण्याची भीती वाटते. हे प्रश्न भेटींच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

मात्र भेटींची खरी कसोटी वेगळी आहे. या भेटी बहुतेकदा एखाद्या उत्साही एएलटीच्या ओळखीवर उभ्या असतात. त्याचा करार संपला की ओळखही जाते आणि नव्या माणसाला पहिल्या पत्रापासून सुरुवात करावी लागते. शिक्षण मंडळांनी वर्षाच्या आराखड्यात अशा दोन तारखा आधीच राखून ठेवल्या, तर खर्च फारसा वाढणार नाही. मग माणूस बदलला तरी भेटी थांबणार नाहीत.