चपळ मांजर गप्प होते तेव्हा

घरातील खोडकर मांजर एकाएकी शहाण्यासारखे वागू लागले, तर गृहिणीला बरेच वाटते. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी असेच घडले. त्यांच्याकडे ॲबिसिनियन जातीचे मांजर आहे. वर्षभर त्याने घर डोक्यावर घेतले होते. पडद्यावर चढावे, फडताळावरून उडी मारावी, नळ सोडला की पाण्याशी खेळावे, असा त्याचा नित्यक्रम. पुढे ते कपाटामागे जाऊन निजू लागले. “आता त्याला वळण लागले,” असे म्हणून सर्वांनी समाधान मानले. दुसऱ्या दिवशी आजींच्या ध्यानात आले की, मांजर ताटलीपाशी येते, वास घेते आणि न खाताच परत जाते. त्या एवढेच म्हणाल्या, “पोर गप्प बसलं की आई हातातलं काम टाकून बघायला जाते. मग याला कुणी का नाही बघितलं?”

पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिले, तो हिरड्या लालबुंद सुजलेल्या आणि एक दात मुळाशी झिजलेला! वेळीच उपचार झाले म्हणून मांजर वाचले.

वाचकहो, ही जात मुळातच चळवळ्या स्वभावाची आहे. सडपातळ बांधा, मोठे कान, आणि प्रत्येक केसावर फिक्या व गडद रंगांचे आलटूनपालटून पट्टे. त्यामुळे अंगकांती रानसशासारखी भासते. १८६८ च्या ॲबिसिनिया-मोहिमेवरून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनी हे मांजर इंग्लंडला नेले, अशी आख्यायिका आहे. त्या मोहिमेची फौज आपल्या मुंबईहूनच निघाली होती. आनुवंशशास्त्राचा कौल मात्र हिंदी महासागराच्या किनाऱ्यांकडे झुकतो.

असे मांजर मांडीवर तासन्‌तास निजेल, ही अपेक्षाच चुकीची होय. त्याला उंच जागा हवी. भिंतीला दोन-तीन भक्कम फळ्या ठोकल्या तरी काम भागते. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे दोरीला पीस बांधून त्याला पळवावे. दिवसभर कुलूपबंद घरात त्याला एकटे ठेवले, तर ते सामानाची नासधूस करील. तो त्याचा दुष्टपणा नव्हे, रिकामपणाचा कंटाळा होय. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडकी व सज्जा जाळीने बंद करावा.

आहार मांस-मासळीचाच असावा. निव्वळ दूधपोळीवर मांजर जगविणे म्हणजे त्याची हळूहळू उपासमार करणे होय. मांजराने पूर्ण एक दिवस अन्न सोडले, तर वाट पाहू नये. उपवासाने त्याच्या यकृतात चरबी साठून प्राणावर बेतते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी त्याला कदापि देऊ नये. ती विषासमान आहे. आणि ख्रिस्ती घरांसाठी एक खास सूचना: ईस्टरला किंवा संत जोसेफच्या सणाला घरच्या वेदीवर खऱ्या लिलीची फुले ठेवू नयेत. तिचे पान, परागकण, इतकेच काय, फुलदाणीतील पाणीही पोटात गेले तर मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.

या जातीत काही व्याधी पिढीजात येतात. एकीत डोळ्यांचा पडदा झिजत जाऊन ऐन तारुण्यात अंधत्व येते. दुसरीत रक्तातील तांबड्या पेशी अकाली फुटून पंडुरोग होतो. आईबाप दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास हे रोग पिलांत उतरू शकतात. २००७ साली मांजराचा जनुकसंच प्रथम प्रसिद्ध झाला, तो सिनॅमन नावाच्या ॲबिसिनियन मांजरीचाच. ती याच नेत्रविकाराच्या अभ्यासासाठी पाळलेल्या मांजरांपैकी होती. आज या दोन्ही दोषांची जनुकीय तपासणी होऊ शकते. पिलू घेण्यापूर्वी त्याच्या आईबापांचे तपासणीचे दाखले मागावेत. दाखला नसेल, तर पिलू कितीही देखणे असले तरी मोह आवरावा.

कोणी विचारील, शेजारी माणूस उपाशी असता मांजरावर एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण-ग्रंथाने दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही; तसेच, माणसाचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी लागावयास हवा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. म्हणून हौसेखातर महागडे पिलू विकत घेण्याआधी शंभरदा विचार करावा. अंगणातले साधे मांजरही तितकीच माया लावते. परंतु जे एकदा घरात आणले, त्याची जबाबदारी टळत नाही. ते आपल्याकडे बोलून दाद मागू शकत नाही. त्याची हालचाल हीच त्याची भाषा.

आमच्या स्नेह्यांकडील मांजर आता पुन्हा पडद्यावर चढते. पडदे फाटले आहेत. परवा नवीन पडद्यांची गोष्ट निघाली, तेव्हा आजी म्हणाल्या, “असू देत तेच. फाटताहेत तोवर आपल्याला कळतं, की हा बरा आहे.”